फक्त गोष्ट

माझा थोरला भाऊ रेनान्ते, म्हणजे माझा मानोंग, अंतराळातला गेम खेळायचा तो फक्त लढाईसाठी. पात्रं बोलायला लागली की तो बटण दाबून संवाद पुढे पळवायचा. मी लढाई बंद ठेवून 'फक्त गोष्ट' निवडली की चिडवायचा, "हा काय गेम झाला, इंदाय? त्यापेक्षा रेडिओ लाव!"

रविवारी चर्चहून आले, तर त्यानेच 'फक्त गोष्ट' निवडलेली. मी टाळ्याच पिटल्या. "हरलास की नाही, मानोंग? शेवटी गोष्टच आवडली ना?"

"हरलो बाई," तो हसला. "आता पुढचं बटण तेवढं दाब."

 

त्याचा अंगठा त्याच बटणावर होता. दाबायचं बळ त्यात उरलेलं नव्हतं, आणि घरात हे त्याने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.