तळहातावरचा नारळ

जऊळक्यात भूजलशास्त्रज्ञ देवानंदचा सत्कार चालला होता अन् पहिल्या रांगेत त्याचा बालमित्र उकंडराव असा जळत होता, की शेजारच्यानं त्याच्यावर बिडी पेटवून घ्यावी. लहानपणी दोघं तळहातावर आडवा नारळ ठेवून वावरोवावरी पाणी शोधत हिंडायचे. खाली पाणी असलं की उकंडरावाच्या हातावर नारळ टुणकन उभा राहायचा, देवानंदच्या हातावर कधीच नाही. अन् आज शाल मात्र देवानंदला!

देवानंद माइकपुढे आला. "उकंडा, सारे इचारतात, मले हा नाद कुठून लागला. तुह्या हातावर नारळ उभा राह्यचा, माह्या हातावर निजून राह्यचा. लय जळलो तुह्यावर! तो नारळ काहून उठते, हे शोधाले म्हनून शिकलो. चाळीस वर्सं झाले, अजून उत्तर नाई भेटलं."

टाळ्या पडल्या. उकंडरावाची छाती सदऱ्यात मावेना. मागच्या खुर्चीवरून त्याची बायको, तुळसाबाई, कानाशी वाकली.

"अवो, आंगठ्यानं उचलत होते ना तुमी? सांगून टाका आता तरी बिचाऱ्याले."

"गप बस. जळू दे अजून थोडा."