खोल्यांची वाटणी

“मग आईचं काय करायचं?” धाकट्यानं विचारलं, आणि मोबाइलवर डोंगर बघत बसलेली मंडळी एकदम छताकडे बघायला लागली.

थोरल्या सुनेनं मान वर केली नाही. तिच्या पुढ्यात लॉजच्या चादरींचा ढीग होता. खाली घरचीच लाँड्री, वर घर. खालचं काम उरलं की जिना चढून वर यायचं आणि तिच्यापुढे बसायचं. धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ होतं. आई घरी राहणार, आईजवळ थोरली राहणार. समुद्रावर गेले तेव्हा तसंच, धाकटीच्या भावाच्या लग्नाला गेले तेव्हाही तसंच. राहा असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. चल असंही कोणी म्हटलं नव्हतं.

या खेपेचा बेत मोठा होता. हिमालय. आधी वरची थंड हवेची गावं, मग खाली उतरून पायथ्याच्या जंगलात मुक्काम. तिथे पहाटे उघड्या जीपमधून वाघ दाखवायला नेतात. दाखवतात कसले, वाघाची मर्जी. धाकट्या सुनेनं त्यासाठी हिरवा कोट हेरून ठेवला होता, वाघाच्या नजरेत भरू नये म्हणून. आता हिचं बोलणं चार गल्ल्या पलीकडे ऐकू जातं, ते कोणत्या कोटानं झाकणार होती देव जाणे.

थोरल्यानं घसा साफ केला. बायकोकडे न बघता तो म्हणू लागला की आईला काही तो चढ झेपायचा नाही, तेव्हा घरी ही आहेच.

“मी येणार आहे,” आतल्या खोलीतून आवाज आला.

मागोमाग काठी आली आणि काठीमागून म्हातारी. सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. ही बाई गाडीत बसली की दुसऱ्या वळणाला तोंडाशी पिशवी धरायची. कोणी सहलीचं नाव काढलं की ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणून मोकळी व्हायची. आणि आता तीच खुर्ची ओढून मध्ये बसली. मुलांनी तिचे गुडघे काढले, तिचा दम काढला, थंडी काढली. तिनं एकेकाला वाटेला लावलं. डॉक्टरांना विचारून झालंय, बर्फापर्यंत जायचं नाही, खालच्या गावाला हरकत नाही. खोली तळमजल्यावरची घ्या. गाडी हळू हाकायला सांगा. बघता बघता बेतातला बर्फ गेला, सगळ्यात उंचावरचं गाव गेलं, आणि नातवंडं गाल फुगवून उठून गेली.

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. आई जाणार म्हणजे तीही जाणार. पण तिला दिसलं ते एवढंच की म्हातारीची औषधं, गरम पाण्याची पिशवी, रात्रीचं उठणं, पाय चेपणं, सगळं बांधून डोंगरावर न्यायचं आणि तिथे स्वेटर घालून तेच करायचं. तिनं चादरीची घडी घातली, पुढची उचलली. दमलेल्या माणसाला जागा बदलली काय आणि न बदलली काय.

धाकट्यानं खोल्यांचा विषय काढला. थोरला म्हणाला, त्यात विचारायचं काय, आई आणि ही एका खोलीत.

“हिच्याबरोबर नको,” म्हातारी म्हणाली. “मी धाकटीबरोबर राहीन.”

धाकटीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. या दोघींचा एक चहा कधी न भांडता झाला नव्हता. तिनं नवऱ्याला डोळ्यानं खुणावलं, नवऱ्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. म्हातारीनं शब्द टाकला की तो उचलून परत द्यायची घरात कोणाची छाती नव्हती.

थोरलीचे हात मात्र थांबले. भरल्या घरात, सगळ्यांसमोर. एवढी वर्षं जिचं हगणं-मुतणं काढलं, जिच्या एका खोकल्याला झोप मोडून धावलो, तिला आज आपण नकोसे झालो. केलंसवरलं सगळं पाण्यात गेलं. तिला बोलता येत नव्हतं असं नाही, पण बोलायलाही अंगात जीव लागतो. ढीग संपेपर्यंत तिनं घड्या घातल्या आणि एकही घडी सरळ बसली नाही.

संध्याकाळी ती नेहमीसारखी औषध घेऊन आत गेली. गोळी दिली, पाणी दिलं, पाय चेपायला घेतले. मग पायांकडेच बघत तिनं विचारलं की आई, माझं काही चुकलं का.

“चुकलं तर,” म्हातारी म्हणाली. “कधी नाही म्हणायला शिकली नाहीस.”

म्हातारीनं पाय ओढून घेतले, पांघरूण स्वतःच नीट केलं.

“मला कसलं आलंय डोंगराचं कौतुक? आत्तापासून पोटात ढवळतंय. पण मी मागे राहिले की तू मागे राहतेस. हिला न्या असं त्यांना सांगितलं असतं तर तेही हो म्हणाले असते, आणि निघायच्या दिवशी तूच पिशवी खाली ठेवली असतीस. आणि तिथे तुझ्या खोलीत निजले असते, तर तू तो हिमालय खिडकीतून बघितला असतास. आता धाकटी बसेल माझ्यापाशी. तोंड वाजवील, पण बसेल. तू पहाटे जीपमध्ये बस आणि वाघ बघून ये. सासू काय, रोजच बघतेस.”