पोचवायला

चिनी संस्कृतीच्या संध्याकाळच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या कधी काही विचारत नसत, पण एकही तास चुकवत नसत. घरी करमत नसेल म्हणून येत असतील, असं सर धरूनच चालले होते.

त्या दिवशी सर जुन्या चालीरीतींवर बोलत होते. "तिकडे पुष्कळ ठिकाणी पोटचं मूल गेलं, तर आईबाप त्याला पोचवायला जात नसत. थोरांनी धाकट्यांना निरोप देणं उलटं मानायचे. बाकीचे जायचे आणि कुणीतरी आईबापाला धरून घरात बसायचं."

"काय दगडाच्या काळजाची माणसं," पुढच्या बाकावरची मुलगी पुटपुटली.

सरांनाही ती रीत निर्दयच वाटायची. मान डोलवून ते फळा पुसायला वळले, तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला.

"हा माझ्या मुलाच्या अभ्यासाचा विषय, म्हणून मी येते. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, चला, नाहीतर जन्मभर रुखरुख लागेल. मी गेले. जायला नको होतं." त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीकडे पाहिलं. "दगडाच्या काळजाचं एकही माणूस नव्हतं हो त्या दिवशी माझ्या घरात."