तीन शिट्ट्या

रोज हॉलमधूनच "भार्गव, गॅस!" असं ओरडणारी देवश्री आज गच्चीवर कपडे काढायला गेली होती. वरणाची सगळी जबाबदारी एकट्या भार्गववर. त्यानं कान टवकारून तीन शिट्ट्या मोजल्या आणि गॅस बंद केला. जेवायला बसल्यावर ताटात आली ती कच्ची, टणक डाळ.

"मी मोजल्या ना पण!"

देवश्रीनं ओट्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या कुकरची शिट्टी तिथंच पडली होती.

"भिंतीपलीकडच्या साहूंच्या शिट्ट्या मोजून राहिला होता तू! घे वाटी, आता वरणही तिथूनच आण."

भार्गवनं दार उघडलं, तर समोर साहूभैयाच रिकामी वाटी घेऊन उभे.

"दीदी, आज 'भार्गव, गैस' सुनाई ही नहीं दिया! हमारी पूरी दाल जल गई."