चौथी टाळी

अंकिताबाई टाळ्या वाजवून इंग्रजी उच्चार शिकवत होत्या. "शेवटी 'इक' आलं, की त्याच्या आधीच्या तुकड्यावर जोर. फॅन्-टॅस्-टिक! आता याहून मोठा शब्द कोण सांगतं?"

रेश्मा उठली. "कार्-सि-नो-जे-निक." टाळ्या पाच, चौथी जोरात. अगदी अचूक.

बाई चपापल्या. "अगं, कॅन्सर करणारं, असा अर्थ होतो त्याचा. कुठे वाचलास?"

"आपल्या पाण्याच्या पिंपावर. बाबांनी कंपनीतून आणून दिलं ना शाळेला, त्यावरच. भिंतीकडच्या बाजूला लिवलंय, घासतानाच दिसतं."

बाईंनी व्हरांड्यातल्या पिंपाकडे पाहिलं. जूनपासून शाळेत रोज तीनदा पाणी प्यायची घंटा व्हायची, आणि कोण पीत नाही यावर त्या स्वतः नजर ठेवायच्या.