नापास कापड

"नापास," रंगनाथ मास्तर म्हणाले आणि कापडाची घडी शौकतच्या पुढ्यात टाकली.

सलग दुसरं वर्ष.

"कसूर काय ते तरी सांगा, मास्तर."

"किनार. आणखी एक वर्ष बस."

किनारीत नावालाही दोष नव्हता. शौकतच्या अंगाचा तिळपापड झाला. मालेगावच्या मोमिन विणकराचा पोर तो, मागाच्या खडखडाटात लहानाचा मोठा झालेला. आणि देवळा गावाजवळच्या या उद्योगविद्यालयात धागे तोडतोडून विणणारी पोरं पास होऊन गेली होती! छत्तीस साल उजाडलं होतं, गिरणीच्या कापडापुढे घरचे माग बंद पडले होते. इथलं सर्टिफिकेट मिळालं, तरच सरकारी विणकाम शाळेत मास्तरकी मिळणार होती. नाहीतर घरी बसायचं.

तिसरं वर्ष त्याने दातओठ खात काढलं. या वर्षीही छळ तोच. नव्या पोरांचे माग त्यानेच लावून द्यायचे, तुटलेले धागे त्यानेच सांधायचे. वर मास्तर खुर्चीत बसून सांगणार, "घाई नको. पोरांना नीट दिसू दे." चारचौघांत राबवून घेण्याचीच हौस मेल्याला! त्यात यंदा चुलतभाऊ अब्बास दाखल झालेला, तोही मागावरच वाढलेला. त्याच्यादेखत हे सगळं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

परीक्षेच्या सकाळी शौकतचं डोकंच फिरलं. नापासच करायचंय ना? मग घ्या! त्याने ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, ढिला सोडला, धागे तुटले तसे तुटू दिले. हातभर कापडाला तीन भोकं पडली.

"भाईजान, हे काय करताय?" अब्बास घाबरून कुजबुजला.

"विणतोय. मास्तरांच्या लायकीचं."

दुपारी त्याने तो तुकडा मास्तरांच्या टेबलावर आपटला. "घ्या. या खेपेला कसूर शोधायला चष्मा नको."

मास्तरांनी घडी उलगडलीसुद्धा नाही. खणातून शिक्का मारलेलं सर्टिफिकेट काढून त्याच्यासमोर धरलं. त्यावर कालची तारीख होती.

"पास. पहिला वर्ग."

"कापड तर बघा!" शौकत ओरडला.

"बघून मला काय कळणार?" मास्तर शांतपणे म्हणाले. "जा तू आता. पोरांना शिकवायला अब्बास मिळालाय. तो काही चार-पाच वर्षं पास होत नाही."