साज तोच, तोंड नवं

साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी मला परत बोलावलं, तेव्हा मी रंगवलेलं त्यांच्या कुटुंबाचं तैलचित्र भिंतीवरून उतरवलेलं होतं. चित्रात मधोमध त्यांची सून अनुजा होती, गळ्यात कोल्हापुरी साज. समोर बसली असताना ती पुटपुटली होती, “ताई, मला हसरी काढू नका.” दिवाळीत ती गच्चीवरून पडून वारली म्हणे. “नवी सून येतीया,” साहेब म्हणाले. “हिचं तोंड झाकून तिचं बसवा की, हसरं. साज ऱ्हाऊ दे, त्यो आपलाच हाय.” आत त्यांची बायको तोच साज रिठ्याच्या पाण्यात घासत होती. मला एक जुनं चित्र आठवलं. स्पेनचा चित्रकार वेलास्केझनं रंगाखाली झाकलेले घोड्याचे जुने पाय, वरचा रंग काळानं पारदर्शक झाल्यानं, आज दिसतात. मी नवं तोंड मुद्दाम अगदी पातळ रंगात काढलं. “टिकंल न्हवं?” साहेबांनी विचारलं. “खालचं नक्की टिकेल,” मी म्हणाले.